बंकटकाकांच्या विहिरीवरचा राखणदार

नांदूरघाट
१२ नोव्हेंबर

मल्लूदादा,

फेकू नकोस. आधी कारळाच्या चटणीची पुडी बाजूला ठेव, हात पूस आणि हे शेवटपर्यंत वाच. तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, मेलला उत्तर देत नाहीस, रविवारी आईशी बोलताना माझं नाव निघालं की तुझी हैदराबादची रेंज जाते. मग माझ्याकडे राहिलं काय? आईचं पार्सल. ते तू आजवर परत पाठवलेलं नाहीस, म्हणून चटणीच्या खाली पत्र घातलंय. कागदावर डाग दिसला तर तो तेलाचा. मी रडत नाहीये, मी नाचतेय!

दादा, सापडलं! बंकटकाकांची विहिरीवरची मोटार कशी जळाली ते सापडलं!

आपली पेटी आठवते ना? आठवत नाही म्हणालास तरी चालेल, मी आठवण करून देते. चकलांब्याला काकांच्या मोसंबीच्या विहिरीवर आपण दोघांनी बसवली होती. पाणी खाली गेलं की मोटार बंद करणारा प्रोग्राम तुझा. आणि तो प्रोग्रामच अडकला तर पेटीतलं मशीन पुन्हा सुरू करणारा राखणदार मी लावलेला. तुझा प्रोग्राम मेला (हे मी विसरलेले नाही हं, मेला तो तुझाच होता), राखणदार काही उठला नाही, मोटार कोरड्या विहिरीत फिरत राहिली आणि जळाली. आणि काकांच्या शेतातल्या आखाड्यावर, आप्पा, काका, चार सालगडी सगळे उभे असताना तू म्हणालास, "हिनं राखणदार लावलाच न्हाई."

मी लावला होता. तेव्हाही ओरडून सांगितलं, आजही सांगते. पण मग तो उठला का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तू पेटी काखेत मारून निघालास. "उघडून दाखवतो चूक कुणाची ती," म्हणालास. पुढे काही दाखवलं नाहीस.

काल दुपारी आपल्या मशिनरीच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. माळ्यावर पाइपांच्या मागे आपला दुसरा बोर्ड सापडला, मागून मागवलेला, थोडा नव्या चिपचा. म्हटलं बघू तरी. राखणदार लावला, कर्नलच्या, म्हणजे मशीनच्या गाभ्यातल्या मूळ प्रोग्रामच्या, माहितीपानात जसा लावायला सांगितलाय अगदी तसा. मग प्रोग्राम मुद्दाम मारला. पानावर काय लिहिलंय ते तुला तोंडपाठ आहे: प्रोग्राम कोणत्याही कारणाने बंद पडला तरी राखणदार चालू राहतो आणि मशीन पुन्हा सुरू करतो.

मी वाट बघत बसले. चहा आला, पिऊन झाला. एक जण येऊन फूट व्हॉल्व्ह घेऊन गेला. मशीन ढिम्म!

मग मी पान मिटलं आणि सरळ कर्नलचा कोड उघडला. आणि तिथे ते होतं, दादा, उघड्यावर पडलेलं. प्रोग्राम मेला की त्यानं उघडलेली सगळी दारं कर्नल आपणहून लावून घेतो. आणि राखणदाराचं दार लागलं की आपल्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्राम, राखणदाराला सांगतो, काम संपलं, झोप. पान म्हणतं जागा राहतो, कोड म्हणतो झोपतो. पान चूक आहे!

मी उभी राहून ओरडलेच. आप्पा आतून धावत आले, त्यांना वाटलं विंचू चावला. आई विचारायला लागली, "हे राखणदार मंजी काय ग?" तिला सांगितलं, समज तू दूध तापत ठेवून मला चुलीपाशी बसवलंस आणि सांगितलंस, मधून मधून हाक मारत राहा. हाक आली नाही तर पोरगी पेंगली असं समजून तू येणार. आई म्हणाली, "येणारच की." मग म्हटलं, मी हाक न मारताच मागच्या दारानं निघून गेले तर? पानावर लिहिलंय, आई तरीही येईल. आणि खरं काय, तर दार वाजलेलं ऐकून आई समजते, पोरीचं काम झालं, आणि कूस बदलून झोपते. आई जरा रागावली. "मी आसं कदी केलं?" म्हणाली. पण समजलं तिला.

तुलाही समजलं असेल. मी आता हे पान दुरुस्त करणार आहे. माझ्या वहीत नाही, त्यांच्या मूळ पानात, जिथून जग वाचतं तिथे.

शिवकन्या

२१ नोव्हेंबर

दादा,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, आईनं शेंगाच्या पोळ्या केल्यात, त्यांच्याबरोबर माझीही चक्कर.

आधी माझी फजिती ऐक. कर्नलच्या लोकांना दुरुस्ती मेलनं पाठवायची असते, त्यांच्या लिस्टवर, सगळ्यांना दिसेल अशी. मी काय केलं? आपल्या सवयीप्रमाणे अर्ज लिहिला. प्रति, माननीय महोदय. विषय: माहितीपानातील चुकीची दुरुस्ती होणेबाबत. संदर्भ अमुक. शेवटी आपली विश्वासू. इंग्रजीत सगळं, पण साचा तहसीलचाच. कमी पडू नये म्हणून छापून सही केली, त्यावर शेटे मशिनरीचा गोल शिक्का मारला, स्कॅन केलं आणि जोडपत्र म्हणून पाठवलं. शिक्क्याशिवाय आपलं कोण ऐकतं?

तिथल्या यंत्रानं ते न वाचताच फेकलं. त्यांना साधा मजकूर लागतो, कोरा. चित्र नाही, जोडपत्र नाही, शिक्का नाही. चुकीची ओळ वर, बरोबर ओळ खाली, का बदलली ते थोडक्यात, आणि शेवटी ज्यानं केलं त्याचं पूर्ण नाव. बस. मला तर हे फार आवडलं. इथे काउंटरवर मी बसले की लोक अजून म्हणतात, "तू नगं, आप्पाला बोलीव." तिथे नाव बघतात आणि ओळ वाचतात.

मी दुसऱ्यांदा नीट पाठवलं. मी लिहिलेलं वाक्य असं: या चिपवर प्रोग्राम बंद पडला की राखणदार नेहमी थांबतो, मशीन पुन्हा सुरू होत नाही. खाली नाव, शिवकन्या संगमेश्वर शेटे. 'पाठवा' दाबलं. आता ते पुसता येत नाही. चूक निघाली तरी माझ्याच नावावर कायम राहणार.

उत्तर येईपर्यंत मी दर गिऱ्हाइकामागे मेल उघडतेय. एकाला कपॅसिटरऐवजी बेअरिंग दिलं. तो म्हणाला, "ध्यान कुटं हाय तुजं?" तुला सांगते, कुठे आहे ते त्याला सांगितलं असतं तर त्यानं आप्पांनाच बोलावलं असतं.

शिवकन्या

५ डिसेंबर

दादा,

उत्तर आलं! त्या भागाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे, त्याला ते लोक मेंटेनर म्हणतात, त्यानं स्वतः लिहिलं. कुठल्या देशाचा आहे देव जाणे, पण माणूस नीट बोलतो. म्हणाला, बारकाईनं बघितलंयस, कोडबद्दलचं तुझं म्हणणं मला पटतं. मी तेवढंच वाचून एक गिरकी मारली. मग पुढचं वाचलं.

पुढे लिहिलंय: हे पान मुळात जुन्या चिपसाठी लिहिलं होतं, तू तपासलंस ते नव्या चिपवर. काही जुन्या चिपमधला राखणदार एकदा जागा केला की झोपवताच येत नाही, कोडनं कितीही सांगितलं तरी. तसं असेल तर जुन्या चिपपुरतं पान बरोबर ठरेल. जुना बोर्ड कुणाकडे आहे का? त्यावर तपासल्याशिवाय मी दुरुस्ती घेणार नाही.

जुना बोर्ड कुणाकडे आहे, दादा?

बाजारात तो आता मिळत नाही, मी केज, अंबाजोगाई, बीड सगळीकडे विचारलं. जगात इतरत्र असेलही, पण लिस्टवर अजून कुणी हात वर केलेला नाही. आई गेल्या दिवाळीनंतर तुझ्याकडे राहून आली तेव्हा सहज म्हणाली होती, "त्याच्या कपाटावर ती पेटी तशीच हाय, वर टावेल झाकलेला." त्या दिवशी मला तुझा इतका राग आला होता. आज त्या टॉवेलाचे उपकार मानते.

आता माझी अडचण सरळ सांगते. जुन्या चिपवर राखणदार झोपत असेल, तर पान खोटं आणि मी खरी. पण झोपत नसेल, तर पान खरं. मग त्या दिवशी राखणदार उठायलाच हवा होता, आणि तो उठला नाही, म्हणजे मी तो लावलाच नव्हता. तू म्हणालास तेच खरं. माझे हात मला आठवतात, मी काय टाइप केलं ते आठवतं. पण चार सालगड्यांसमोर खोटी ठरलेली पोरगी आठवणीवर किती दिवस उभी राहणार? म्हणून तपासच. निकाल माझ्या विरुद्ध गेला तर जाऊ दे, पण निकाल लागू दे.

काम सोपं आहे. पेटी उघड, त्यातलं मेमरी कार्ड पुसू नकोस (मी काय लावलं होतं ते त्यावर आहे), राखणदार लाव, प्रोग्राम मार, थांब. आणि उत्तर मला देऊ नकोस, मला नकोच ते. लिस्टवर दे. तिथला रिवाज असा की ज्यानं तपासलं त्यानं स्वतः, स्वतःच्या पूर्ण नावानं तसं लिहायचं. मी तुझं नाव परस्पर घालू शकत नाही. घालता आलं असतं तरी घातलं नसतं.

लिस्टचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. आप्पांचा बीपी बरा आहे, तू विचारलं नाहीस तरी.

शिवकन्या

२१ डिसेंबर

दादा,

परवा मार्गशीर्षाच्या अवसेला येळवस झाली. शेतात कडब्याच्या कोपीपुढे पूजा मांडली, आईनं भाज्या-दाण्यांची भज्जी इतकी केली की वाटेनं जाणारा प्रत्येक जण जेवून गेला. बंकटकाका चकलांब्याहून मुद्दाम आले. मोटारीचं झाल्यापासून पहिल्यांदाच. ते आणि आप्पा नारायणगडाच्या जत्रेतले जुने दोस्त, किती दिवस तोंड फिरवून बसतील?

अंबिलाचा दुसरा तांब्या झाल्यावर काकांनी आप्पांना विचारलं, "मल्लू कावून आला न्हाई बे?" आप्पांनी तांब्या माझ्याकडे सरकवला. मग मीच सगळं सांगितलं, राखणदार, पान, जुनी चिप, सगळं. काका बोटं चाटत ऐकत होते.

"मंजी कागदातच खोटं लिवलतं?"

"तसं दिसतंय काका. पन दादानं तपासल्याबिगर पक्कं न्हाई सांगता येत."

"आन त्यानं तपासून उलटंच सांगितलं तर? त्यालाबी सवताचं तोंड हायच की. चार मानसात बोललेला हाय त्यो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आप्पासुद्धा. मी म्हणाले, "आमचा दादा भांडखोर हाय काका. खोटारडा न्हाई."

हे तुझ्या तोंडावर मी जन्मात म्हणणार नाही. पत्रात आलं म्हणून आलं.

लिस्टवर अजून शांतता आहे. मेंटेनरनं आठवण म्हणून एक ओळ टाकली, कुणाकडे जुना बोर्ड आहे का. मी उत्तर दिलं, माझ्या भावाकडे आहे, विचारलंय. पाठवल्यावर लक्षात आलं, जगभरच्या लोकांसमोर मी तुला भाऊ म्हणून बसले आणि तू मला बहीण म्हणून ओळखतोस का तेच माहीत नाही. दादा, मला भीती वाटतेय. निकालाची नाही, तू पत्र न वाचताच चटणी काढून घेत असशील याची.

येळवशीची बाजरीची उंडी पाठवतेय. शिळी झाली असेल, तव्यावर परतून खा.

शिवकन्या

६ जानेवारी

दादा दादा दादा!

मी दुकानात, आप्पा समोर, गिऱ्हाईक समोर, आणि मेल आली. पाठवणारा: मल्लिकार्जुन संगमेश्वर शेटे. मला नाही, लिस्टला! मी काउंटरवर चढले. खोटं वाटत असेल तर आप्पांना विचार, ते अजून सांगत फिरतायत.

पहिली ओळ वाचली. जुन्या चिपच्या बोर्डावर तपासलं, प्रोग्राम मारल्यावर राखणदार थांबतो, मशीन पुन्हा सुरू होत नाही, पानावरचं वाक्य चुकीचं आहे. मी काउंटरवरच बसले.

मग दुसरी ओळ. 'मात्र प्रस्तावित दुरुस्तीही चुकीची आहे.'

मल्ल्या! प्रस्तावित दुरुस्ती माझी होती! 'नेहमी थांबतो' यातलं 'नेहमी' तू धरलंस. कर्नल बांधतानाच, म्हणजे कोडपासून तयार करतानाच, राखणदाराला थांबू न देण्याचा पर्याय निवडला असेल, तर दार लागलं तरी तो जागाच राहतो. तू दोन्ही प्रकारचे कर्नल बांधून बघितलेस आणि दोन्हीचे निकाल डकवलेस. मी तासभर कोड वाचला तेव्हा कुठे कबूल केलं. साऱ्या जगासमोर तू माझी चूक काढलीस आणि दादा, मला इतका आनंद कधी झाला नव्हता. तू भांडत होतास! माझ्याशी! लहानपणी माझ्या गणिताच्या वहीत लाल पेन घेऊन बसायचास, अगदी तसा.

आणि मग शेवटचा परिच्छेद. तो मी आप्पांना मराठीत वाचून दाखवला, तुलाही तसाच लिहिते, म्हणजे नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणशील तर पुरावा राहील: 'हा बोर्ड ज्या पेटीत होता तिच्या कार्डावरची मांडणी जशीच्या तशी आहे. शिवकन्या शेटे यांनी राखणदार पानात सांगितल्याप्रमाणेच लावला होता. त्या वेळी मी याउलट म्हणालो होतो. ते चूक होतं.'

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "आजून एकदा वाच."

मेंटेनरचं उत्तर बघितलंस का? बिचारा लिहितो, तपासणीबद्दल आभार, पण शेवटच्या ओळींचा या दुरुस्तीशी संबंध कळला नाही. मी लगेच लिहिलं, संबंध आहे. एवढंच. त्यानं पुढे विचारलं नाही, शहाणा माणूस.

एक विचारू? कार्ड जसंच्या तसं होतं, म्हणजे इतके दिवस तू पेटी उघडलीच नव्हतीस. चूक माझीच निघेल अशी खात्री असती तर हैदराबादला उतरल्याबरोबर उघडली असतीस. तिच्यावर टॉवेल झाकून ठेवला नसतास. उत्तर देऊ नकोस. मला कळलं.

आता तिसरी आवृत्ती. वाक्य तुझ्या पर्यायासकट मी मांडलंय, निम्मं तुझं आहे, म्हणून दोघांची नावं हवीत. पण इथेही तुझ्या होकाराशिवाय, तुझ्या सहीशिवाय मी ते पाठवू शकत नाही. मसुदा तुझ्या मेलवर टाकलाय. या वेळी तरी उघड.

शिवकन्या

१९ जानेवारी

दादा,

लागलं! काल दुपारी मेंटेनरचा एक शब्द आला, 'घेतलं'. खोटी ओळ गेली, खरी आली. खाली माझं नाव, त्याखाली तुझं, आणि तपासणी करणारा म्हणून पुन्हा तुझं. दोनदा मिरवून घेतलंस! पण तुझ्या सहीची मेल आली तेव्हा तिच्यात वर एक मराठी ओळ होती, 'स्वल्पविराम चुकलाय, बाकी ठीक.' दोन उन्हाळ्यांनंतर तू मला लिहिलेली पहिली ओळ. स्वल्पविराम दुरुस्त केलाय.

आप्पांनी ते पान छापून मागितलं. बसवण्णांच्या तसबिरीशेजारी लावलंय. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली आडनावं तेवढी बोटानं दाखवतात.

आज सकाळी एक गिऱ्हाईक बिघडलेला स्टार्टर घेऊन आलं. नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून म्हणालं, "आप्पाला बोलीव." आप्पा आतच होते. बाहेर आले नाहीत, आतूनच ओरडले, "तिलाच दाखीव की! कर्नलात नाव हाय तिचं!" गिऱ्हाईक दचकलं. त्याला वाटलं मी मिलिटरीत लागले. मी स्टार्टर उघडला, नीट केला, दिला.

काकांचा निरोप आहे. विहिरीवर पेटी पुन्हा बसवायची म्हणतात, पण अट घातलीय. "बसवायची तर दोघं या. एकट्यानं आला तर आखाड्यावर चढू देनार न्हाई." आणि चार सालगड्यांना त्या दिवशी मुद्दाम बोलावणार आहेत. त्यांच्यासमोर तुला काय म्हणायचंय ते तू ठरव. मोसंबी उतरायला आली आहे, तोवर ये.

कालपासून तुझा फोटो माझ्या फोनवर दिसायला लागलाय. ब्लॉक काढलास ना? सांगितलं नाहीस, पण मी बघितलं. मी आपणहून फोन करणार नाही, हे लक्षात ठेव. तू केलास तर मात्र उचलीन, कितीही गिऱ्हाईक असलं तरी.

पार्सल उघडशील तेव्हा शोधत बसू नकोस. या वेळी पत्र चटणीच्या वर ठेवलंय.

तुझी
शिवकन्या